दोराचं मंडळ

"पाणी रोज येतं का हो इथं?" दीनामावशीनं विचारलं.

चर्चच्या पाळकीणबाई चहाचा ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, कारण त्यांनी आत्ताच विचारलं होतं की मावशी, आफ्रिकेत सिंह बघितला का, आणि त्यावर उत्तर हे.

"एक दिवसाआड येतं," त्या म्हणाल्या.

"आणि एखादी खोली भाड्यानं घ्यायची म्हटली तर?"

"कुणाला हवीय?"

"असंच. कुणालाही."

"दीनाबाई," त्रिभुवन सर बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "जनगणनेचं काम घेतलंय का तुम्ही? काल पण विचारत होता, सरकारी दवाखाना किती लांब म्हणून."

सगळे हसले. मावशी पण हसली, आणि हसता हसता तिनं डोळे मिटून घेतले ते बराच वेळ उघडले नाहीत.

ऐका ना, तुम्ही मघाशी विचारलंत की एस्तू, तू बीकॉम झालेली बाई, बँकेत लागली असतीस, अजून त्या दोराच्या मंडळात काय करतेस, तर ते सांगायचं तर मला ह्या चहापासूनच सुरू करावं लागेल, कारण तेव्हा मी पण सगळ्यांबरोबर हसले होते. सात वर्षं झाली त्याला. मी नुकतीच पास झाले होते, मंडळात पावत्या फाडायला लागले होते, आणि मला वाटत होतं की जगातलं सगळ्यात भारी काम मलाच मिळालंय.

मंडळाचं खरं नाव मोठंच्या मोठं आहे, मराठी परदेश सुवार्ता अमुकतमुक, पण ते फक्त शिक्क्यावर. सगळे दोराचं मंडळच म्हणतात. त्रिभुवन सरांच्या वडिलांनी काढलेलं. ते म्हणायचे, मिशनचे साहेब लोक सातासमुद्रापलीकडून आले, आपल्याला शाळा दिली, दवाखाना दिला, आता ते गेले, मग आपण काय नुसतं खातच बसायचं का? आपण पण कुणालातरी पाठवू. आणि पाठवलं की खरंच. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातल्या चर्चच्या मंडळ्यांनी बाजरी, अंडी, कोंबड्या विकून एक नर्स आफ्रिकेत मलावीला पाठवली. ती दीनाबाई उमाप. एका मोठ्या तळ्याच्या काठी दवाखाना, बाळंतपणं, मलेरिया, आणि सगळा खर्च आपल्या लोकांचा. वीसेक वर्षं झाली होती तिला तिथं. दर तीन वर्षांनी ती रजेवर यायची, आणि रजा म्हणजे काय, तर सरांच्या ओम्नीत बसून गावोगाव हिंडायचं आणि पुढच्या तीन वर्षांचे पैसे उभे करायचे. नाही उभे राहिले तर मावशी जाणार नाही, मावशी गेली नाही तर दवाखान्याला कुलूप, असं सर सगळीकडे सांगायचे, आणि मी मागून मान हलवायचे.

आता दोराचं सांगते. आपल्याकडं विहीर खणायची तर एक माणूस खाली आणि बाकीचे वर दोर धरून, बरोबर? तर सरांच्या वडिलांनी तेच उचललं. उपासना संपत आली की मी डिकीतनं तो काथ्याचा जाडजूड दोर आणायचे. एक टोक वेदीपाशी मावशीच्या हातात, आणि बाकीचा दोर मधल्या वाटेनं दारापर्यंत, दोन्ही बाजूंची माणसं उठून तो धरायची. म्हातारे, पोरं, सगळे. मग सर सांगायचे, "खाली उतरलेल्याचा आवाज वर येत नाही. म्हणून खूण असते. एक झटका म्हणजे सोडा. दोन झटके म्हणजे ओढा." मग पाळक विचारायचे, "धरला का?" लोक म्हणायचे, "धरला." "सुटणार नाही ना?" "नाही सुटणार." मग मावशी एक झटका द्यायची, लोक हातातनं थोडा थोडा दोर सोडायचे, की मावशी निघाली म्हणायची विहिरीत, आणि त्याच वेळी अर्पणाची थैली फिरायची. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा इतकं रडू आलं होतं ना, की मी दोन पावत्यांवर एकच नाव लिहिलं.

दोन झटके कुणी दिलेले मी कधी बघितले नव्हते. ते आपलं सांगण्यापुरतं होतं.

बरं, तर तो दौरा. रोज एक गाव, कधी दोन. पुढं सर चालवणार, त्यांना शुगर, त्यामुळं डॅशबोर्डवर कायम पार्ले-जीचा पुडा. मागं मी आणि मावशी, आणि आमच्यामध्ये कुणीतरी दिलेलं काहीतरी, एकदा दुधी, एकदा चक्क जिवंत कोंबडी. आणि प्रत्येक गावात लोकांना एकच पाहिजे, होडीची गोष्ट. मावशी एका अडलेल्या बाईला होडीत घालून तळ्यापलीकडं नेत होती, मध्येच वारा उठला, वल्ही मारणारा घाबरला, आणि होडीतच बाळ झालं, अशी ती गोष्ट. मला तोंडपाठ होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं. मावशी "आणि मग वारा" म्हणून थांबली की बायका पदर तोंडाशी न्यायच्या.

पण ह्या दौऱ्यात ती थांबेनाशी झाली. पहिल्या आठवड्यात ठीक होतं, मग वाऱ्यापाशी थांबणं गेलं, मग वल्ही मारणारा गेला. जामखेडच्या बाजूला एका गावात तर ती उभी राहिली आणि म्हणाली, "होडी होती. बाई होती. पोर झालं. दोघं जगली." आणि बसली.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, "मावशी, तुम्ही वारा विसरलात."

"विसरले नाही गं," ती म्हणाली. "आता मला वाटतं, तो वारा एवढा काही नव्हताच. सांगून सांगून वाढलाय."

"पण लोकांना तो पाहिजे असतो."

"मग तू सांग. तुला येतो."

आणि पुढच्या गावात खरंच तिचा घसा बसला आणि मी सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू, वल्ही, वारा, अंधार, मी कधी तळं नाही बघितलेलं, पण लोक बाकाच्या कडेला सरकून ऐकत होते. थैली भरून आली. सर गाडीत खूश, म्हणाले, "एस्तेर, तुझ्यात आहे हं काहीतरी." मी मावशीकडं बघितलं तर ती खिडकीला डोकं लावून एका बंद घराकडं बघत होती. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, दारात लिंब.

"हे कुणाचं असेल?" ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला घरांचं काय एवढं?"

"दारात झाड आहे," ती म्हणाली. एवढंच.

मी तिला विचारायचे पण खूप. दवाखान्यात किती खाटा, तिथं मुली काय नेसतात, मला जमेल का. मला जायचंच होतं ना तिच्यामागं. ती सांगायची, पण सगळं ग्रेसवर येऊन थांबायचं. ग्रेस म्हणजे तिच्या हाताखाली शिकलेली तिथलीच नर्स.

"ग्रेसचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आडवं पोर मला आता नाही वळवता येत, मनगट धरतं माझं. ती वळवते."

"पण मुख्य तुम्हीच ना?"

"मुख्य काय. मी खुर्चीत बसते आणि ती मला विचारते, मावशी, बरोबर ना. मावशी म्हणायला मीच शिकवलंय तिला. विचारायची गरज नसते, मान देते ती."

मला तेव्हा वाटलं, किती नम्र बाई आहे.

मग तो पेट्रोल पंप. मी पाण्याच्या बाटल्या भरून येत होते, गाडीची काच खाली होती, आणि मावशी पुढं सरांच्या शेजारी येऊन बसली होती.

"भाऊ, मी न जायचं म्हटलं तर?" ती म्हणत होती.

सर पुड्यातनं बिस्कीट काढत होते ते थांबले. "बरं नाही का?"

"बरं आहे. बासष्ट झाले मला. तिकडं ग्रेस सगळं बघते. तुम्ही तिला पगार पाठवा, तो माझ्यापेक्षा कमीच लागेल. मला इकडं कुठंतरी एक खोली, आणि महिन्याचं जेवणापुरतं."

"कुठल्या खात्यातनं?"

मावशीनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"नाही, मी चिडून नाही विचारत, दीनाबाई. खरंच विचारतोय. आपल्याकडं पाठवण्याचं खातं आहे. तिकडच्या औषधांचं आहे. लोकांनी परदेशासाठी म्हणून दिलंय, त्यातनं तुम्हाला नगरला खोली घेऊन दिली तर ती लबाडी होईल. वडिलांनी घटनेतच घातलंय, दोराचा पैसा दोरालाच. आणि ग्रेसच्या नावावर कोण देणार? कुणी बघितलीय तिला? लोक तुमचा दोर धरतात." मग ते म्हणाले, "मी पण थकलोय हो. माझा मुलगा म्हणतो, बाबा, बंद करा आता. बंद केलं तर मी सकाळी उठून करू काय?"

"परत यायचं खातं का नाही काढलं तुमच्या वडिलांनी?"

"कुणी विचारलंच नव्हतं."

पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, गाडी पुढं घ्या." सरांनी गाडी पुढं घेतली.

मी सगळं ऐकलं, आणि तुम्हाला सांगते, मला वाटलं की मावशी दमलीय, दोन दिवस झोपली की होईल ठीक. त्या वयात थकवा म्हणजे झोपून जाणारी गोष्ट वाटते. मी तिला म्हटलंसुद्धा, "मावशी, शेवटचं एकच गाव राहिलंय, मग झोपा मस्त." ती म्हणाली, "हो गं बाई."

शेवटचं गाव पिंपळदरा. तिथं सुगीचा सण होता त्या रविवारी, म्हणजे पहिलं पीक देवळात, आमच्या चर्चमध्ये, आणायचं. तुमच्याकडं असतो का माहीत नाही, आमच्याकडं लई मजा. वेदीपुढं कणसं, कांदे, उसाची मोळी, अंड्यांच्या टोपल्या, आणि उपासनेनंतर त्याच सगळ्याचा लिलाव, त्यामुळं त्या दिवशी दोर लिलावानंतर. पाळक भिंगारदिवे म्हणजे लिलावातला वाघ. बाही सरसावून उभे. आणि आमच्यात एक रीत आहे, बोली जिंकली तरी वस्तू घरी नाही न्यायची. पाळक विचारतात, "घरी की देवाला?" तुम्ही म्हणायचं, "देवाला." मग ती परत लिलावात. एकच कोंबडी पाचदा विकली जाते आणि शेवटी पाळकाच्याच खुराड्यात जाते, त्यावरनं लोक त्यांना चिडवतात पण.

त्या दिवशी एक तांबडा भोपळा होता. एवढा मोठा, की आणणाऱ्या बाईनं तो लेकरासारखा कडेवर आणला होता. त्याच्यावर बोली चढत गेली. मास्तरांनी घेतला, "देवाला." सोसायटीच्या चेअरमननं घेतला, "देवाला." तिसऱ्यांदा पाळकांनी भोपळा डोक्यावर धरला आणि म्हणाले, "असा भोपळा मलावीतसुद्धा नसेल, विचारा मावशीला."

आणि मावशीनं पुढच्या बाकावरनं बोली लावली.

लोकांना आवडलंच ते. कुणीतरी वाढवली, तिनं पण वाढवली. पर्समधनं नोटा काढल्या, स्वतःच्या, चुरगळलेल्या. मग समोरच्यानं हसून सोडून दिलं. पाळक म्हणाले, "मावशींचा झाला. घरी की देवाला?"

"घरी," मावशी म्हणाली.

आधी सगळे हसले. पाळक पण हसले, आणि अगदी सहज, काही वाईट मनात न ठेवता म्हणाले, "कुठल्या घरी, मावशी?"

आणि कसं झालं ना ते, हसणं एकदम थांबलं नाही, मागं मागं चालू राहिलं थोडा वेळ, आणि मग नुसता अंड्यांच्या टोपलीतला पेंढा वाजला. मावशीनं भोपळा घेतला आणि बाकावर आपल्या शेजारी ठेवला. सर उठले, मला म्हणाले, "एस्तेर, दोर आण."

मी आणला. टोक वेदीपाशी मावशीच्या हातात दिलं, बाकीचा वाटेनं सोडत दारापर्यंत गेले. तिथं दोर संपतो, तिथं मी उभी राहते. पिंपळदऱ्याची माणसं उठली. पाळकांचे हात तसेच लिलावातले, मातीचे. सरांनी विहिरीचं सांगितलं, खाली उतरलेल्याचा आवाज वर येत नाही, एक झटका म्हणजे सोडा, दोन झटके म्हणजे ओढा, पण त्या दिवशी मध्येच दोनदा पाणी प्यायले.

"धरला का?"

"धरला."

"सुटणार नाही ना?"

"नाही सुटणार."

मावशीनं झटका दिला. लोकांनी दोर सोडायला हात ढिले केले. आणि ती थांबली, दोर मनगटाला एक वेढा घेऊन गुंडाळला, आणि पुन्हा झटके दिले. एक. दोन.

आता हे मला नाही नीट सांगता येणार, पण तिथं कुणी विचार केला नाही. पिंपळदरा म्हणजे खडकाळ गाव, तिथल्या प्रत्येक माणसानं कधी ना कधी विहिरीवर दोर धरलेला. बाप खाली, भाऊ खाली, नवरा खाली. दोन झटके बसल्यावर त्यांच्या हातांना काय करायचं ते डोक्याआधी कळलं. सगळ्यांनी ओढलं. बायांनी ओढलं, चेअरमननं ओढलं, तोंडानं हो हो करत, एका लयीत, आणि माझ्या पण हातातनं दोर मागं सरकायला लागला आणि मी पण ओढत होते. मावशी वेदीची पायरी उतरली. एका हातात दोर, बाकावरनं उचलून काखेत घेतलेला तो भोपळा. मधल्या वाटेनं चालत आली, जशी ओढतील तशी, घाई नाही. सर मध्ये उभे होते, ते बाजूला झाले.

दारापाशी आल्यावर ती उंबऱ्यावर बसली. माझ्या पायाशीच.

"आले बाबा," ती म्हणाली.

 लोक दोर धरूनच उभे. मग जिनं तो भोपळा आणला होता ना, ती बाई पुढं आली, नाव तिचं सारूबाई, आणि म्हणाली, "मावशी, उन्हात कशाला बसता, आत तरी या, नाहीतर घरी चला माझ्या. घारगे करू ह्याचे."

"आज नको गं," मावशी म्हणाली. "आज मी जरा झोपते."

आणि खरंच, देवळाच्या मागं एक खोली होती, पूर्वी प्रचारक राहायचे ती, कांद्याची पोती ठेवलेली. दोन पोरांनी पोती बाहेर काढली, कुणी बाज आणली. मावशी अंगावर पदर घेऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. भोपळा उशाला.

ती अजून तिथंच आहे. पाणी तिथं पण एक दिवसाआडच येतं. पिंपळदरा जेवायला घालतं, मंडळ नाही, कारण मंडळाकडं परतीचं खातंच नव्हतं, ते काढायला वर्ष गेलं आणि भांडणं किती झाली ते विचारू नका. पैसे देणारी बरीच घरं गळली. ग्रेसला मात्र पगार जातो, कमी माणसांच्या पैशातनं जातो, पण जातो. आणि मी मलावीला गेले नाही. मी हे बघते, की आता कुणालाही पाठवायचं तर आधी त्याच्या परतीचे पैसे बाजूला पडले पाहिजेत, मग तिकीट. लोकांना ते आवडत नाही. म्हणतात, जायच्या आधीच यायचं काय बोलता. गोष्ट सांगितली की पैसे येतात, हे सांगितलं की जांभया येतात. तर हे करते मी, तुम्ही विचारलंत म्हणून.

पण त्या दिवशीचं राहिलंच. परत येताना गाडीत मी पुढं बसले होते, मागची सीट मोकळी, फक्त दोर. मी तो नीट गुंडाळला पण नव्हता. सर आरशातनं मागच्या दोराकडं बघत चालवत होते. मला वाटलं ते रागावलेत, आता मला पण ओरडतील, कारण मी पण ओढला होता. चिचोंडी गाव मागं गेलं, मग घाट उतरलो, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पार्ले-जीचा पुडा उघडायला लागले, पण तो उघडेना, मग मी उघडून दिला.

"दोन झटके," ते म्हणाले. "वडील सांगायचे, म्हणून मी पण सांगत आलो. प्रत्येक गावात."

"हो सर."

"कुणी देईल, असं कधी वाटलं नव्हतं."

त्यांनी एक बिस्कीट मला दिलं, एक स्वतः खाल्लं, आणि मी मागं वळून दोर नीट गुंडाळायला घेतला.